गहाणवही

१९९१चा जुलै म्हटलं की बहुतेकांना मनमोहन सिंगांचं अर्थसंकल्पाचं भाषण आठवतं. आमच्या घरात तो महिना आठवतो तो आप्पांच्या एका प्रश्नामुळे. रिझर्व्ह बँकेने देशाचं सोनं विमानात घालून लंडनला पाठवलं, अशी बातमी पेपरात आली तेव्हा बाबा हादरले, आत्याने कपाळाला हात लावला, गल्लीत कुणीतरी ‘देश विकला’ असंही म्हणालं. आप्पांनी चष्मा पुसत एवढंच विचारलं, “मुदत किती आहे?”

आप्पा म्हणजे माझे आजोबा. नाशिकच्या सराफ बाजारात त्यांचं दुकान होतं. पुढे गादी-तक्क्या, मागे शेगडी आणि ऐरण, भिंतीवर काचेत लावलेला सावकारीचा परवाना. दागिने घडवायचे आणि गहाणही ठेवून घ्यायचे. गोदावरीला पाणी चढलं की सराफ बाजारात शिरतं, हे नाशिककरांना सांगायला नको. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की दुकानातल्या दोन गोष्टी सगळ्यात आधी माडीवर जायच्या: गहाणाच्या पुरचुंड्यांची लोखंडी पेटी आणि गहाणवही. घडवलेला माल त्यानंतर. “आपला माल गेला तर आपलं नुकसान. लोकांचा गेला तर उद्या याच गल्लीतून चालायचं कसं?” असं त्यांचं म्हणणं.

गहाण ठेवायला आलेला माणूस त्यांना पायरीवरूनच ओळखू यायचा. विकत घ्यायला आलेला माणूस चपला कशाही काढतो, गहाणवाला नीट जोडीने ठेवतो, हे निरीक्षण आप्पांचं. पिंपळगाव बसवंतचे अण्णा दरवर्षी गोडी छाटणीच्या तोंडावर, सप्टेंबरअखेर यायचे. आधी पावसाची चौकशी, मग भुरी आणि डावणीची. चहा झाला की बंडीच्या आतल्या खिशातून फडक्याची गाठ बाहेर निघायची. आत काकूंच्या पाटल्या. बहुतेक वर्षी त्याच पाटल्या. तरी आप्पा दरवर्षी त्या कसोटीच्या दगडावर ओढून रेघ बघायचे, काट्यात घालायचे, वजन मोठ्याने बोलून वहीत लिहायचे, अण्णांची सही घ्यायचे आणि मगच पुरचुंडीला दोरा बांधायचे.

“आप्पा, अहो तुम्हीच घडवल्यात ना त्या?” अण्णांनी एकदा न राहवून विचारलं.

“घडवल्या मी. आल्या तुमच्याकडून.”

अण्णा हसले, पण आप्पा गंभीरपणेच बोलले होते. ओळख वेगळी, तारण वेगळं. मंगळसूत्र मात्र ते कधी काट्यात घालत नसत. कुणी फारच अडचणीत असला तर हातउसने पैसे देत, पण मंगळसूत्र परत.

अण्णांच्या पाटल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघाला, व्यापाऱ्याचे पैसे आले, की अक्षय्यतृतीयेच्या आत सुटायच्या. एखाद्या वर्षी गारपीट झाली तर व्याज भरून मुदत वाढायची. हे सगळं लहानपणापासून पाहिल्यामुळे असेल, पण परकीय मदत, अटी, सुधारणा हे शब्द पुढे कॉलेजात वाचले तेव्हा ते मला नवीन वाटले नाहीत. गादीवर बसलेला माणूस आणि पायरी चढून आलेला माणूस, दोघेही ओळखीचे होते.

आप्पांना मुदत विचारावीशी वाटली यामागे त्यांच्या आयुष्यातली तीस वर्षं होती. त्यांच्या गोष्टी नेहमी १९६३पासून सुरू व्हायच्या. चीनशी युद्ध संपलेलं, तिजोरीत परकीय चलन नाही, आणि लोकांनी सोनं घेणं थांबवावं म्हणून त्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर घडवायचे नाहीत. “चौदा कॅरेटचा डाग घडवायचा म्हणजे पितळेवर हात झिजवायचे,” आप्पा म्हणायचे. देशभर सोनारांचे धंदे बसले, काहींनी जीव दिले. आमच्या बाजारातल्या कारागिरांपैकी कुणी घड्याळं दुरुस्त करायला बसले, कुणी सायकलचं दुकान काढलं. झारेकरी, म्हणजे सोनारांच्या दुकानापुढची धूळ झाडून, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे लोक, त्यांचीही धूळ रिकामी झाली. चौदा कॅरेटचं बंधन पुढे सुटलं, पण १९६८मध्ये कायदाच झाला आणि तो १९९०पर्यंत चालला. सोन्याची बिस्किटं खाजगी माणसाने जवळ बाळगायची नाहीत, कारागिराने ठरावीक वजनाच्या वर सोनं ठेवायचं नाही, सगळ्याच्या नोंदी, तपासणीला येणारे अधिकारी.

बाहेरून येणारं सोनं अर्थातच थांबलं नाही. ते दुबईहून होड्यांतून कोकण किनाऱ्याला लागायचं. ज्या पकडल्या जायच्या त्या होड्यांतलं सोनं सरकारजमा व्हायचं. या सोन्याकडे पुन्हा यावं लागणार आहे.

दुसरी गोष्ट १९६६ची. आदल्या वर्षीचा दुष्काळ, अमेरिकेच्या पीएल-४८० खालच्या गव्हावर चाललेलं पोट, आणि जागतिक बँकेचा आग्रह की रुपया स्वस्त करा, आयात थोडी खुली करा, मग आम्ही मदतीचा हात मोकळा सोडतो. इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन सहा महिनेही झाले नव्हते. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. आयातीवरची बंधनं थोडी सैल झाली. पण कबूल केलेली मदत पुढे ठरल्याप्रमाणे आली नाही, पाऊस पुन्हा रुसला, आणि महागाईचं खापर अवमूल्यनावर फुटलं. आप्पांच्या भाषेत, “पाटल्या ठेवून घेतल्या आणि पैसे अर्धेच दिले.” इतिहासकार याला इतक्या सोप्या शब्दांत मांडणार नाहीत, कारण व्हिएतनामवरून वॉशिंग्टनचा राग, आपल्या अंमलबजावणीतला अर्धवटपणा अशी बरीच कारणं त्यात होती. पण त्या अनुभवाने दिल्लीने जो धडा घेतला तो आप्पांच्या वाक्याच्या जवळचाच होता. पुढची पंचवीस वर्षं देश स्वतःला आतून कडी लावून बसला. बँकांचं राष्ट्रीयीकरण, परवान्यांची जाळी, १९७३चा परकीय चलनाचा कडक ‘फेरा’ कायदा, हे सगळं त्यानंतरचं.

ही कडी आतून कशी दिसायची, हे नव्या पिढीला सांगून खरं वाटत नाही. बजाज चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि ज्याचा भाचा आखातात आहे त्याने डॉलर भरले की त्याला लवकर मिळायची. फोनसाठी अर्ज करून मुलाचं लग्न होईपर्यंत वाट बघायची. ७२च्या दुष्काळात आलेली ती लालसर मिलो ज्वारी तर आजीला शेवटपर्यंत आठवायची, तिची भाकरी थापताना तुटायची म्हणून. ओझरला रशियाच्या मदतीने मिग विमानांचा कारखाना निघालेला, म्हणजे आकाशात परदेश होता, पण बाजारात परदेशी दाढीचं ब्लेड दिसलं तरी माणसं हातात घेऊन बघायची.

आत्याचे यजमान, आमचे भाऊकाका, नाशिक रोडच्या नोट प्रेसमध्ये होते. त्यांच्या गोष्टी आप्पांच्या उलट दिशेने जायच्या. त्यांना अभिमान होता की एके काळी हिंदुस्थानची तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून यायची, ती १९२५च्या सुमाराला नाशिक रोडला छापली जाऊ लागली, आणि १९२८ला करन्सी नोट प्रेस सुरू होऊन पाच रुपयांची नोट इथे निघाली. “नाशिकने बाहेरचं काम घरी आणलं,” हे त्यांचं पालुपद. पण प्रेसमध्ये काम केल्यामुळेच त्यांना दुसरीही गोष्ट कळत होती. १९९०-९१च्या हिवाळ्यात, कुवेतवर इराकने हल्ला केल्यावर तेल भडकलं, आखातातून माणसं परत आली, अनिवासी भारतीय आपल्या ठेवी काढू लागले, तेव्हा दुकानाच्या गादीवर कुणीतरी म्हणालं, सरकारला पैसे कमी पडतात तर तुमचा छापखाना आहे की. भाऊकाका म्हणाले, “आम्हाला रुपये छापता येतात हो. तेल डॉलरमध्ये येतं.”

जूनपर्यंत देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. मे महिन्यात, चंद्रशेखर यांचं काळजीवाहू सरकार असताना, स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या युनियन बँकेला विकलं गेलं, परत विकत घेण्याच्या अटीवर. त्यातून २० कोटी डॉलर मिळाले. हे सोनं कुठलं? तस्करांकडून जप्त केलेलं. हे आप्पांना कळलं तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले. ज्या सोन्यासाठी तीस वर्षं सोनारांच्या वह्या तपासल्या, त्याच चोरट्या सोन्याने सरकारची अब्रू राखली, हा विनोद सराफ बाजाराशिवाय कुणाला पुरता कळला नसावा.

नरसिंह राव सरकार आल्यावर जुलैत रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या तिजोरीतलं जवळजवळ ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी डॉलर घेण्यासाठी गहाण टाकलं. सोनं भारतातच राहील, आमचा शब्द घ्या, असं चालणार नव्हतं. ते प्रत्यक्ष बाहेर गेलं पाहिजे, ही अट होती. मुंबईत विमानतळाकडे जाताना सोन्याची एक गाडी वाटेत बंद पडली आणि बंदोबस्तातल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं, ही गोष्ट नंतर पुष्कळांनी सांगितली. बाबांना या अटीचा संताप आला होता. “दोनशे वर्षं राज्य केलं आणि आता आपल्यावर विश्वास नाही?” आप्पांचं उत्तर तयार होतं: विश्वास असता तर गहाण कशाला मागितलं असतं. अण्णांच्या पाटल्या काय, देशाचं सोनं काय, पुरचुंडी गादीच्या आतल्या बाजूलाच जाते.

सोन्यातून मिळाले ते पैसे चार दिवस ढकलण्यापुरते. खरी रक्कम आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची. ऑक्टोबरअखेर त्यांनी सुमारे २२० कोटी डॉलरचं कर्ज हप्त्याहप्त्याने देण्याचं मान्य केलं, जागतिक बँक, आशियाई विकास बँक, जपान हेही मागून आले. त्याआधीच, १ आणि ३ जुलैला, रुपया दोन टप्प्यांत उतरवला होता. २१च्या आसपासचा डॉलर २६च्या घरात गेला. २४ जुलैला आधी नवं औद्योगिक धोरण संसदेत आलं आणि त्याच दिवशी अर्थसंकल्प. अठरा उद्योग सोडून बाकीच्यांना परवान्याची गरज उरली नाही.

हे सगळं बाहेरच्यांनी लिहून दिलं आणि आपण सही केली, असं तेव्हा डावे म्हणत, स्वदेशीवालेही म्हणत. मला ते अर्धंच खरं वाटतं. परवाना पद्धत मोडली पाहिजे हे दिल्लीतल्याच अधिकाऱ्यांच्या टिपणांत आधीपासून होतं. माँटेकसिंग अहलुवालियांचं टिपण तर १९९०चं, नाणेनिधीच्या मोठ्या कर्जाआधीचं. कर्ज देणाऱ्याने घाई केली आणि कागदावरच्या गोष्टीला मुहूर्त लावला, हे मात्र खरं. गरज नसती तर तो मुहूर्त आणखी दहा वर्षं टळला असता, एवढं आपल्या राजकारणाला ओळखणारा कुणीही सांगेल.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पहिली एक-दोन वर्षं धास्तीचीच गेली. सुट्या भागांची आयात करायची तर बँकेत आधीच भली मोठी रक्कम अडकवावी लागे, ती अट सैल व्हायला वेळ लागला. पण काही लघुउद्योजक सावरले, काही बुडाले, काही मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना माल पुरवून पुरवून इतके वाढले की आता त्यांच्या गाड्या सराफ बाजाराच्या बोळात शिरत नाहीत.

अण्णांना सुधारणा पहिल्यांदा भेटली ती खताच्या गोणीवर. त्या अर्थसंकल्पाने खताचे दर ४० टक्के वाढवले, आरडाओरडा झाल्यावर ते ३०वर आले. त्या सप्टेंबरला अण्णा पाटल्यांबरोबर काकूंची बोरमाळही घेऊन आले. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच. आप्पा काही बोलले नाहीत, वजन मात्र दोनदा केलं.

पण अण्णा खुल्या बाजाराच्या विरुद्ध नव्हते, आणि इथेच आमच्या दुकानातली सगळ्यात मोठी भांडणं व्हायची. अण्णा शरद जोशींचे. पक्के. १९८०च्या नोव्हेंबरात कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रास्ता रोको झाला, मुंबई-आग्रा रस्ता अडला, रेल्वे अडली, खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले, तेव्हा अण्णा पिंपळगावच्या माधवराव मोऱ्यांबरोबर रस्त्यावर होते. तुरुंगातही राहून आले. शरद जोशींची गोष्ट ते आम्हा मुलांना सांगायचे तेव्हा त्यांचा आवाजच बदलायचा. हा माणूस स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक टपाल संघटनेत मोठ्या पगारावर, आणि सगळं सोडून १९७७ला चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन कांदा पिकवायला बसला. “इस्त्रीची घडी न मोडता बोलायचा, पण हिशेब आमच्या घामाचा मांडायचा.”

डिसेंबर १९९१मध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांचा जागतिक व्यापार कराराचा मसुदा आला आणि देशभर शेतकरी नेते त्याच्यावर तुटून पडले. कर्नाटकात नंजुंडस्वामी, उत्तरेत टिकैत, इथे डावे, समाजवादी, संघाचे स्वदेशीवाले. बाबाही त्यांच्यात. शरद जोशी जवळजवळ एकटे उलट उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की भारत सरकार शेतकऱ्याला अनुदान देतच नाही. निर्यात अडवून, लेव्ही लावून, भाव पाडून ते शेतकऱ्याकडूनच काढून घेतं, म्हणजे अनुदान उणे आहे. मग जगाने सरकारचे हात बांधले तर नुकसान कुणाचं? दिल्लीचं. शेतकऱ्याचं नाही.

“अहो बाबूराव,” अण्णा बाबांना म्हणायचे, “तुम्हाला अमेरिकेची भीती वाटते. अमेरिका मी पाहिली नाही. माझा कांदा तर दिल्लीच अडवते.” कांद्याची निर्यात १९७४पासून नाफेडच्या हातात होती. कांदा लासलगावला विकायचा, बाहेर पाठवायचा निर्णय कुणी दुसऱ्याने घ्यायचा. बाबा म्हणायचे, “उद्या बियाणंसुद्धा त्यांच्याकडून घ्यावं लागेल.” आप्पा मध्ये पडत नसत. फक्त कधीतरी विचारायचे, करार वाचलाय का दोघांपैकी कुणी? वाचला नव्हता. तेव्हा फार थोड्यांनी वाचला होता. १५ एप्रिल १९९४ला माराकेशमध्ये सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ला जागतिक व्यापार संघटना उभी राहिली, तरी हे भांडण आमच्या गादीवर चालूच होतं.

द्राक्षांनी मात्र वेगळी वाट धरली. १९९१मध्येच राज्य पणन मंडळाच्या पुढाकाराने द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांची ‘महाग्रेप्स’ ही संस्था निघाली. युरोपात द्राक्ष पाठवायची तर आपल्याकडची जुनी सवय उपयोगाची नव्हती. सकाळी तोडलेला घड दुपारच्या उन्हात ट्रकमध्ये टाकून मुंबईला न्यायचा, हे बंद. आता तोडणी पहाटे, माल थेट प्रीकूलिंगला, पेटीत सल्फरचं ग्रेपगार्ड, न्हावाशेवा बंदरातून कंटेनर आणि समुद्रावर तीन-चार आठवडे. अण्णांच्या थोरल्या मुलाने १९९०च्या दशकात हे शिकून घेतलं. मण्याचा आकार मोजायची प्लास्टिकची रिंग त्याने एकदा आप्पांना दाखवली. आप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “हिची कसोटी कुठे?” मुलगा म्हणाला, “हॉलंडला, प्रयोगशाळेत.”

ती कसोटी किती कडक असते ते २०१०ला कळलं. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या तोंडी सीसीसी, हे वाढ रोखणारं औषध आपल्याकडे सर्रास वापरलं जायचं. युरोपातल्या तपासणीत त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि नाशिकचे कंटेनर तिकडे अडकले. माल फेकला गेला, पैसे बुडाले. अण्णांच्या मुलाचे त्या वर्षी बँकेचे हप्ते थकले, आणि कितीतरी वर्षांनी त्यांच्या घरचे दागिने पुन्हा गहाण पडले. आप्पा तेव्हा नव्हते, दुकान बाबांनी कधीच बंद केलं होतं. दागिने बँकेच्या सोनेतारण खात्यात गेले. त्याच तडाख्यातून विलास शिंदे यांनी मोहाडीत ‘सह्याद्री फार्म्स’ उभी केली, शेतकऱ्यांचीच कंपनी. २०२२मध्ये तिच्यात युरोपातल्या चार गुंतवणूक संस्थांनी ३१० कोटी रुपये घातले, त्यात नेदरलँड्सची विकास बँक एफएमओ आणि फ्रान्सची प्रोपार्को. म्हणजे ज्या युरोपने माल परत पाठवला, त्यानेच बारा वर्षांनी भांडवल दिलं. यात मला विसंगती दिसत नाही. तपासून घेणारा आणि पैसे देणारा एकच असतो, हे मी लहानपणीच पाहिलं होतं.

आप्पांच्या त्या प्रश्नाचं उत्तर लवकर मिळालं होतं. सोन्यावरचं कर्ज १९९१च्या अखेरीसच फिटलं. नाणेनिधीचं शेवटचं देणं ३१ मे २०००ला संपलं. सोनं मात्र परत आणलं नाही, ते लंडनच्या तळघरातच ठेवलं गेलं. नोव्हेंबर २००९मध्ये रिझर्व्ह बँकेने २०० टन सोनं विकत घेतलं, तेही नाणेनिधीकडूनच. आणि २०२४मध्ये लंडनमधलं सुमारे १०० टन सोनं विमानाने देशात आलं. त्या दिवशी बाबांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला. वयाची ऐंशी ओलांडल्यावर त्यांचा १९९१चा राग निवळला होता, की त्याला आता ऐकणारं कुणी उरलं नव्हतं, कळत नाही.

आपलं देणं आपण फेडलं. त्याच १९९१मध्ये पोलंडला मात्र पॅरिस क्लबच्या धनको देशांनी निम्मं कर्ज माफ केलं. साम्यवादातून बाहेर पडणाऱ्या देशाला उभं करायचं होतं, त्यात युरोपचं राजकारण होतं. २०१३मध्ये म्यानमारने दारं किलकिली केली तेव्हा त्यालाही जपानसह धनकोंनी मोठी माफी दिली. आठ वर्षांत, १ फेब्रुवारी २०२१ला, तिथल्या लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. १९९१मध्ये आपल्याला कुणी माफी दिली नाही आणि आपण मागितलीही नाही. सराफ बाजारात माफ केलेल्या गहाणाची वहीत वेगळी खूण असायची. ते गिऱ्हाईक पुढे क्वचितच पायरी चढायचं.

भाऊकाकांना मात्र एक गोष्ट शेवटपर्यंत टोचत राहिली. १९९७-९८मध्ये देशातल्या छापखान्यांना मागणी पुरी करता येईना म्हणून सरकारने भारतीय नोटा परदेशी कंपन्यांकडून छापून घेतल्या. त्यांत एक कंपनी होती डी ला रू. सत्तर वर्षांपूर्वी जिचं काम नाशिक रोडला आलं तीच. भाऊकाका तेव्हा निवृत्त झाले होते. निवृत्तांच्या कट्ट्यावर ही बातमी त्यांनी कुणाला पुरी बोलू दिली नाही म्हणतात.

आणि कांदा? शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ला गेले. जगाने दिल्लीचे हात बांधावेत ही त्यांची अपेक्षा होती, पण करारांनी आयातीचे दरवाजे उघडले तेवढे निर्यातीचे उघडले नाहीत. सप्टेंबर २०१९ला कांद्याची निर्यातबंदी झाली, सप्टेंबर २०२०ला पुन्हा. ऑगस्ट २०२३ला ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ला बंदी. लासलगाव, पिंपळगावला लिलाव बंद पडले. आपला कांदा घेणारे शेजारी देश दुसरीकडून माल घेऊ लागले. ४ मे २०२४ला, नाशिक आणि दिंडोरीच्या लोकसभा मतदानाच्या पंधरा दिवस आधी, बंदी उठली, शुल्क मात्र राहिलं. दिंडोरीत केंद्रीय मंत्री असलेल्या उमेदवार पडल्या. यातला एकही हुकूम नाणेनिधीने सांगितला नव्हता, वॉशिंग्टनने किंवा जिनिव्हानेही नाही. अण्णांनी बाबांना तीस वर्षांपूर्वी जे सांगितलं त्यात मला अजून खोट सापडलेली नाही.

अण्णा नव्वदीला टेकलेत, ऐकू कमी येतं. त्यांचा नातू युरोपातल्या खरेदीदाराशी द्राक्षांचा दर फोनवर ठरवतो, अवशेषांचा अहवाल ईमेलने पाठवतो. बांधाच्या पलीकडे त्याचा तीन एकर कांदा आहे. उरलेलं २० टक्के निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ला उठलं, तेव्हा मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, माझा रांगडा होता. रांगडा चाळीत टिकत नाही. मार्चमध्येच विकून टाकला.”